चौदा वर्षांचं कार्ड

"माझी आई माझ्यामुळे गेली का, एवढंच मला शोधून द्या," मैत्री म्हणाली.

नेरूळच्या मार्केटात, झेरॉक्सच्या दुकानावर अरुणा दळवींचं ऑफिस होतं. खाजगी तपासाच्या कामाआधी वीस वर्षं त्यांनी बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या होत्या. त्यांचे मदतनीस हौसेराव निवृत्त हवालदार. चोरामागे कितीही धावतील, पण आकडे आले की बसकण मारणार.

"नीट सांग," अरुणाताई म्हणाल्या.

"घणसोली गावात आमचं घर. खाली भावाचं मोबाइल रिपेअरचं दुकान, वर आम्ही. जिना लोखंडी, उभा. आईचे गुडघे गेलेले, म्हणून मे महिन्यात तळमजल्याचा फ्लॅट ठरवला. घर विकून सुरुवातीचे पैसे भरायचे, बाकी कर्ज. जूनमध्ये आईला पॅरालिसिस झाला. जुलैत पैसे सोडण्याआधी बँकेने माझा क्रेडिट स्कोअर पुन्हा पाहिला, तर तो कोसळलेला. फ्लॅट गेला. आणि मागच्या मंगळवारी आई त्याच जिन्यावरून पडली."

हौसेरावांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"स्कोअर का पडला?"

"माझी दोन क्रेडिट कार्डं. एक पहिल्या नोकरीपासूनचं, चौदा वर्षांचं, चार लाखांच्या मर्यादेचं. ते वापरतच नव्हते. दुसरं पन्नास हजारांचं, त्यावर हॉस्पिटलचे चाळीस भरले. ते जुनं बंद झालंय. बँक म्हणते तुम्हीच केलं, बारा जूनला सकाळी साडेअकराला, तुमच्याच फोनवरून, ओटीपी टाकून. मॅडम, तेव्हा मी भानावर नव्हते. केलंही असेल मी."

"बँकेचे मेसेज?"

"फोनमध्ये एकही नाही."

"घरी काय सांगितलंस?"

"कर्ज नाकारलं, एवढंच. कार्डाचं कोणालाच बोलले नाही."

अरुणाताईंनी तिघांना भेटायचं ठरवलं. प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचं: मैत्रीचं एक कार्ड कुणीतरी बंद केलं. वर एक अक्षर नाही.

कर्जाची फाइल करणारा एजंट इंद्रजित तुर्भ्याला भेटला. ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "कुठलं? सह्या घ्यायला घरी गेलो तेव्हा सगळ्यांसमोर बजावलं होतं, कर्ज हातात पडेपर्यंत एकाही कार्डाला हात लावू नका. जुनं तर अजिबात बंद करू नका. माझं कमिशन पण बुडालं ना, ताई."

मैत्रीचे वडील सिताराम जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. "बंद झालं तर बरंच झालं की. मंजी ते दवाखान्याचं बिल मिटलं का?"

"बारा जूनला तुम्ही हॉस्पिटलात होता?"

"रोज व्हतो. अकरा ते बारा पोरगी आयसीयूत जायची. आत फोन नेऊ देत नव्हते, तवा माझ्याकडं द्यायची. मला ते उघडाया येत न्हाई. वाजला की सौरभ घ्यायचा."

दुकानात सौरभ एका फोनची काच बदलत होता. त्याने मान वर केली नाही. "पडून होतं ते कार्ड. टेन्शनमध्ये तिनंच केलं असेल बंद. आता कशाला उकरताय?"

बाहेर आल्यावर हौसेराव म्हणाले, "म्हाताऱ्याकडे फोन होता. मला त्याचाच संशय येतो."

रविवारी मैत्रीच्या आईच्या, जाईबाईंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. वरच्या खोलीत माणसं मावेनात, म्हणून दुकानातला काउंटर रस्त्यावर काढून खाली सतरंजी घातली होती. पाहुणे गेल्यावर घरचे तिघे, अरुणाताई आणि हौसेराव एवढेच उरले.

"मैत्री, तू काही केलं नाहीस," अरुणाताई म्हणाल्या. "साडेअकराला तू आयसीयूत होतीस आणि फोन बाहेर. शिवाय स्वतः बंद करणारा स्वतःचे मेसेज कशाला पुसेल?"

"पण एका कार्डाने एवढं होतं?" हौसेरावांनी विचारलं.

"साडेचार लाखांच्या मर्यादेत चाळीस हजार म्हणजे नऊ टक्के वापर. मोठं कार्ड गेलं, उरले पन्नास. त्यात तेच चाळीस म्हणजे ऐंशी टक्के. देणं तेवढंच, पण कागदावर बाई गळ्यापर्यंत बुडालेली. हे घरात इंद्रजितनेच शिकवलं होतं. पण त्याला यात तोटाच. तो विचारतो, कुठलं कार्ड? बाबांना वाटतं, दवाखान्याचं. दोघांनाही माहीत नाही. सौरभ, तू विचारलं नाहीस. पडून असलेलं कार्ड, असं तू स्वतःहून म्हणालास."

सौरभ शटरकडे पाहत राहिला. "घर विकलं असतं तर माझं दुकान गेलं असतं. फ्लॅट हुकेल, एवढंच मनात होतं. आई पडेल असं कुठं वाटलं होतं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. हौसेरावांना बेड्यांची सवय होती, पण इथे हात कुठे घालावा ते त्यांना कळेना.

"मी नव्हतं ना केलं?" मैत्रीने पुन्हा विचारलं.

"नाही."

आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

सिताराम उठले. रिकाम्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी पावलं मोजली, मग परत मोजली.

"काउंटर काढला तर," ते सौरभला म्हणाले, "जाईची खाट हितं बसत व्हती की रं."