बांधापलीकडचं इंजिन

जीप धुवायची तर सकाळी, ऊन चढायच्या आत, आणि तीही मऊ चिंधीनं, असा सयाजीचा नियम होता. जिच्यात इंजिनच नाही तिला एवढं न्हाऊमाखू कशाला घालायचं, असं उचगावात सगळेच म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, कारण सयाजीचं तोंड भारी फटकळ.

जीप आबांची, म्हणजे त्याच्या वडलांची. महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, दारं नसलेली. आबा गारगोटीकडे निघाले की दोघं पोरं मागं बसायची, आणि वळणावर धाकटा बाहेर पडू नये म्हणून थोरला हंबीरराव त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारून बसायचा. पुढं आबा गेले. आणीबाणीच्या आदल्या वर्षी दोघांची वाटणी झाली. जमीन वाटली, म्हशी वाटल्या, हंडे-घागरीसुद्धा वाटल्या. जीप तेवढी राहिली. थोरला विकू देईना आणि धाकटा थोरल्याला नेऊ देईना. पंच पार वैतागले.

आपल्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. पंच म्हणाले, पाड बाबा तूच. हंबीरराव आधीच पेटलेला. तो म्हणाला, “इंजिन एक वाटा, सांगाडा एक वाटा. उचल सया, कुठला उचलतोस त्यो.”

बोलून गेला आणि मग कितीतरी वेळ तो सयाजीच्या तोंडाकडं बघत राहिला. धाकट्यानं नुसतं ‘नको दादा’ म्हणायचं होतं. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण सयाजी इरेला पेटला होता.

“सांगाडा माजा,” तो म्हणाला.

झालं! शहरातल्या उद्यमनगरातनं ज्ञानू मिस्त्री आला. त्यानं चिंचेला चेनपुली टांगली, नळ्या कापल्या, वायरी कापल्या आणि इंजिन वर उचललं. हंबीररावानं ते बांधापलीकडच्या विहिरीवर नेऊन पाण्याच्या पंपाला जोडलं. गार राहावं म्हणून शेजारी पाण्याचं पिंप ठेवलं. पेट्रोलवर चालू करायचं आणि रॉकेलवर पळवायचं. दिवसभर उसाच्या पलीकडनं त्याची भकभक ऐकू यायची, आणि ती ऐकली की सयाजीचं अन्न गोड लागायचं नाही.

त्यानं मनाशी एकच धरलं. जीप पहिल्यासारखी करायची, तिच्यात दुसरं डिझेल इंजिन बसवायचं, आणि दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून थोरल्याच्या दारावरनं न्यायची. सावकाश न्यायची. दादानं उंबऱ्यात येऊन बघितलं पाहिजे.

त्यासाठी त्यानं काय केलं नाही? कुजलेला तळाचा पत्रा कापून नवा जोडून घेतला. रंगाचे थर खरवडून खालचा मूळ हिरवा शोधला आणि तसाच हुबेहूब कालवून आणला. बैठकीत नवा काथ्या भरला. स्टिअरिंगला मात्र हात लावू दिला नाही. आबांच्या अंगठ्यानं तिथं खोलगट झिजलं होतं. त्या जागी स्वतःचा अंगठा ठेवला की त्याला आबा आठवायचे, आणि मग थोरल्याचा आणखीच राग यायचा.

थंडी पडली तेव्हा घरातलं मांजर जिपेच्या बॉनेटवर झोपायला लागलं. यात नवल ते काय? गाडी फिरून आली की बॉनेट उबदार असतं, मांजरं तिथंच जातात. सयाजीनं त्याला हुसकलं, बॉनेट पुसायला हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून उभा राहिला. पत्रा गरम होता.

जीप छपरात उभी होती, तिथं ऊन येत नव्हतं. त्यानं बॉनेट उघडलं. आत नुसती पोकळी, खाली शेणानं सारवलेली जमीन. पण वास आला. तापलेल्या तेलाचा आणि रॉकेलचा.

“ऊन लागलं असंल,” बायको तानाबाई म्हणाली.

“हितं ऊन येतंय व्हय?”

“मग मला काय इचारताय?”

पुढं त्याच्या ध्यानात आलं. विहिरीवर भकभक सुरू झाली की बॉनेट तापायला लागतं, आणि ती थांबली की हळूहळू गार पडतं. मांजराला हे त्याच्या आधी कळलं होतं. ते भकभक सुरू झाल्यावर यायचं.

आणि पुढं तो काटा. समोरच्या पट्टीवर पाण्याची उष्णता दाखवणारा काटा होता. त्याच्यामागं तांब्याची बारीक नळी असते, ती थेट इंजिनात जाते. ज्ञानूनं ती कापली होती, तिचं टोक हवेत लोंबत होतं. तरी विहीर चालू झाली की काटा उठायचा आणि मधोमध येऊन थांबायचा.

सयाजीनं ज्ञानूला बोलावलं.

“मिस्त्री, ही नळी कुटं जोडलीया?”

“कुटं न्हाय. मीच तोडली की.”

“मग काटा कसा हललाय?”

ज्ञानूनं वाकून बघितलं. नळीचं टोक बोटात धरलं आणि पटकन सोडलं. मग उगाच हात पुसत बसला. शेवटी हळू आवाजात म्हणाला, “थोरल्याशी एकदा बोला की.”

“तुला इंजिनाचं बघाय बोलिवलंय. घरातलं बोलाय न्हाय.”

ज्ञानू चहा न घेता गेला.

खरं सांगायचं तर सयाजीला त्या काट्याची सवयच लागली. रोज सकाळी तो जीपमध्ये जाऊन बसे. एकदा सहज त्यानं ॲक्सिलरेटरचं पेडल दाबलं. पेडल कशालाच जोडलेलं नव्हतं. पण उसापलीकडची भकभक चढली. त्यानं पाय उचलला, ती उतरली. परत दाबलं, परत चढली. त्याच्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलायचं, बरंही वाटलं. दादा तिथं आहे, हे पायाला कळत होतं. पण बांध ओलांडून जायचं म्हटलं की पाय जड व्हायचे.

आश्विन उजाडला. डिझेल इंजिन येऊन छपरात पोत्याखाली पडलं होतं. दसऱ्याच्या आत बसवायला येतो म्हणून ज्ञानूनं कसंबसं कबूल केलं होतं. ललितापंचमीला सगळं गाव टेंबलाईच्या जत्रेला गेलं, तानाबाईही गेली. सयाजी एकटाच घरी राहिला. ऊन रणरणत होतं. विहीर चालू होती.

तो स्टिअरिंगवर बसला होता. काटा मधोमध होता.

मग तो पुढं सरकला.

सयाजीला आधी वाटलं, भास असेल. काटा आणखी सरकला. लाल रेघेला टेकला. बॉनेटवरचं मांजर उडी मारून पळालं. लोंबत्या नळीतून बारीक वाफ यायला लागली.

त्याला लगेच उमगलं. पिंपातलं पाणी संपलंय. दादाचं लक्ष नाही. आणखी थोडा वेळ असंच चाललं तर इंजिन जळून कामातनं जाणार.

बांध ओलांडून नुसतं ओरडायचं होतं.

“जळू दे,” सयाजी मोठ्यानं म्हणाला.

आणि त्यानं पेडल दाबलं. पार पत्र्यापर्यंत दाबलं.

उसापलीकडं इंजिन किंचाळलं. तो दात आवळून बसला. आबांच्या अंगठ्याच्या जागी त्याचा अंगठा होता. पाय भरून आला तरी त्यानं उचलला नाही.

मग एक खडखडाट झाला, आणि सगळं शांत.

काटा खाली पडला. सयाजी घरात गेला, झाकून ठेवलेली भाकरी काढून जेवला. अन्न गोड लागलं.

दिवस कलता कलता माणसं टेंबलाईवरून परतली, आणि विहिरीकडनं बोंब उठली.

हंबीरराव पंपाजवळ भिंतीला टेकून बसला होता. छातीत कळ आली होती. डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणलं असतं तर वाचला असता. सयाजीनं खांदा दिला. भाऊ भाऊ म्हणून लोक त्याला धरत होते, आणि तो कुणाकडं बघत नव्हता.

दसरा सुतकात गेला. डिझेल इंजिन पोत्याखालीच राहिलं. बॉनेट आता गार असायचं. मांजर तिकडं फिरकत नव्हतं.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी हंबीररावाची बायको धोंडुबाई बैलगाडी घेऊन आली. गडी कृष्णात गाडी हाकत होता. गाडीत ते इंजिन होतं, काळं पडलेलं.

“घ्या भावजी,” ती म्हणाली. “दोन्ही एका जागी असूद्यात. मला बघवत न्हाय.”

ती जिपेशेजारी दगडावर बसली. तानाबाईनं पाणी दिलं. ते हातात धरूनच ती बोलायला लागली.

“त्ये म्हणायचे, सया जिपंत बसला की इंजिनाला कळतंय. मी हसायची. सकाळी आवाज चढला की म्हणायचे, बसला बग माजा सया. मग दिवसभर खूश असायचे.”

सयाजी हातातल्या चिंधीची घडी घालत राहिला.

“त्या दिशी कळ आली आन् खाली बसले. मी म्हटलं, रस्त्यावर जाऊन कुनाला तरी हाक मारती. येवढ्यात इंजिन चढलं. लई चढलं. त्यांनी माजा हात धरला. म्हणाले, जाऊ नगंस. त्याला कळलं. त्यो यायलाय.” तिनं तांब्या खाली ठेवला. “मग बसलो आमी. वाट बघत.”

तिनं मान वर करून सयाजीकडं बघितलं.

“भावजी, तुमी बसलावता का वो त्या दिशी जिपंत?”

“न्हाय वैनी. म्या टेंबलाईला गेलतो.”

तानाबाईनं मान खाली घातली.

धोंडुबाई उठायला लागली. उठताना आधाराला तिनं बॉनेटवर हात टेकला, आणि लगेच मागं ओढला. तळहात लाल झाला होता. तिनं तो बराच वेळ बघितला, पदरात गुंडाळला, आणि सयाजीकडं न बघता गाडीपाशी गेली.

“कृष्णात, गाडी वळव. हे परत न्यायचं.”

गाडी बांधापलीकडं दिसेनाशी झाली तेव्हा सयाजी मागं वळला. जिपेचं पेडल पत्र्यापर्यंत दाबलेलं होतं. त्यानं वाकून दोन्ही हातांनी वर ओढून बघितलं. आलं नाही.