बोलत धावायचं

अक्षरन् अक्षर खरं आहे, शपथेवर सांगतो. म्हणजे मी काही तिथे नव्हतो, आणि ऊठसूट शपथा घ्यायची मला खोडच आहे; पण ऐका तर.

एक चष्मेवाला होता आणि त्याच्या दुकानाला लागून एक शिंपी. दोघंही पन्नाशीला टेकलेले, दोघांचीही पोटं काउंटरला टेकलेली. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव द्यायची लहर शिंप्याला आली आणि चष्मेवाला त्याच्यामागे फरफटत गेला. पीटीचे एक निवृत्त मास्तर दोघांना शिकवायचे. नवख्यांसाठी त्यांचा एकच नियम: बोलत धावायचं. तोंडातून पूर्ण वाक्य निघतंय तोवर वेग बरोबर. सोबत्याचं बोलणं तुटलं, की दोघांनीही चालायला लागायचं.

बोलण्यात शिंप्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. झुंजूमुंजू व्हायच्या आत, कालव्याच्या काठाने, त्याच्या गोष्टी सुरू व्हायच्या. चष्मेवाला मात्र रोज तिसऱ्या किलोमीटरला धापा टाकायचा. शिंपी न कुरकुरता थांबायचा. वर चिडवायचा, "नंबर वाढलाय तुझा, तुला रस्ता लांब दिसतो."

त्या पहाटे धुकं होतं. पाण्याला शेवाळाचा वास. शिंपी एका वकिलाची गोष्ट सांगत होता, कोटाचं माप देताना दोन्ही हात पसरून उभा राहिलेला. "मी म्हटलं, साहेब, झालं माप, आता हात खाली घ्या. आणि तो…"

वाक्य तिथेच तुटलं. पंपघर ओलांडलं तेव्हा मागून आवाज आला, "अरे… जरा थांब…"

चष्मेवाल्याने ऐकलं. स्पष्ट ऐकलं. पण त्या दिवशी त्याचे पाय जन्मात पहिल्यांदा हलके झाले होते, आणि शिंपी आपल्यामागे पडलाय या आनंदाला त्याला आवर घालता येईना. येईल मागून, असं म्हणत तो पुलावरून पलीकडच्या रस्त्याने थेट घरी गेला. अंघोळ केली. दोन अंडी खाल्ली. दुकान उघडायला आला तेव्हा कळलं, शिंपी पंपघराच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला होता. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी जवळ कुणी असतं तर वाचला असता.

"मला आज जागच आली नाही," चष्मेवाला म्हणाला. सगळ्यांनी विश्वास ठेवला. शिंप्याची बायको, ज्यांना तो वहिनी म्हणायचा, त्या उलट त्याचीच समजूत काढत राहिल्या.

मास्तर म्हणाले, आता तू दोघांच्या वाटचं धाव. चष्मेवाला 'नाही' तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? पंधरा दिवसांनी तो पुन्हा कालव्यावर गेला. पंपघर मागे पडलं, आणि डाव्या खांद्याशी, जराही धाप न लागलेला आवाज आला.

"…आणि तो उभ्या उभ्या झोपला होता रे."

चष्मेवाला जीव घेऊन पळाला. आवाज सोबतच. दुसऱ्या दिवशी पुढचं वाक्य, तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं. ना शिवी, ना जाब. जाब विचारला असता तर परवडलं असतं. ही नुसतीच गोष्ट, मित्राने मित्राला सांगितलेली. कालव्यावरचा पहारेकरी एकदा कौतुकाने म्हणाला, "आता दोघं अगदी एका पावलात धावता की."

त्याच संध्याकाळी तो वहिनींकडे जिना चढून गेला आणि सगळं ओकून मोकळा झाला. वहिनी रडल्या. मग त्यांनीच पाणी दिलं, म्हणाल्या, मनातून काढून टाका. त्या दिवसापासून आवाज बंद.

हा एवढा भाग मी रचलाय. ऐकणाऱ्याला झोप लागावी म्हणून घालतो.

जिना तो चढला, हे खरं. बेलवर बोट ठेवणार, तोच आतून वहिनींचा आवाज आला. रोजच्यासारखाच, भाजी निवडता निवडता बोलावं तसा.

"हो का?… शेवटपर्यंत बसले होते?… हात धरून?… मग झोपलो होतो असं का म्हणाले मला?… बरं. नाही विचारत."

मधे मधे त्या थांबत होत्या, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशा. दुसरा आवाज दाराबाहेर येत नव्हता.

चष्मेवाल्याचं बोट हवेतच राहिलं. आता खरं सांगायचं, म्हणजे शिंप्याला खोटं पाडायचं. पाय न वाजवता तो खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दुकानात आल्या. काउंटरवर दोन्ही हात ठेवून, हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, मी काही विचारणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही थांबलात…"

त्याने मान डोलावली.

ते मान डोलावणं मी रचलेलं नाही.