मधल्या पहाडीवरची दुपार

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. पण आमच्या घरात ती आजवर कुणी हसत सांगितलेली नाही.

साल १९५३. होळीला आठ दिवस बाकी होते.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

माझे आजोबा नत्थूलाल कटरे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. गोरेगावजवळच्या खेड्यात धानाची शेती. लढाईच्या दिवसांत ते पलटणीत होते, फटफटीवरून डाक पोचवायचे. परत आल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक फटफटी त्यांनी आणली आणि स्वतःच्या हातानं चालू केली. आजूबाजूच्या वीस गावांत ती एकच. तिचा आवाज आला की पोरं बांधावरून पळत सुटायची.

लग्नाला वर्ष झालं होतं. बायकोचं नाव सुखवंता. तिचं माहेर देवरीच्या पलीकडे, तीन पहाड्या ओलांडून. बैलगाडीनं दोन दिवस लागायचे. नत्थूलाल म्हणाले, "चार घंट्यात पोचवतो तुले."

निघताना त्यांच्या आईनं, फुलवंताबाईनं, सुनेच्या हातात फराळाचं गाठोडं दिलं.

"सांभाळून ने रे तिले. लई उडवू नको."

पहिल्या पहाडीला लागेपर्यंत सुखवंतानं डोळे गच्च मिटले होते. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि मग तिचं तोंड बंद होईना.

जंगलखात्याचा मुरमाड रस्ता. एका अंगाला डोंगर कापलेला, दुसऱ्या अंगाला सरळ खोल दरी. पळस असा फुलला होता की पानाचं नाव नाही. खाली दूर तळी चमकत होती.

"अवो, पाहा नं जी! सारा डोंगरच पेटल्यावानी दिसून राहिला!"

"मी पाहीन त दोघंही दरीत जाऊ," नत्थूलाल ओरडून म्हणाले. "तूच पाह्य अन् मले सांग."

तशी ती सांगत राहिली. नत्थूलाल ऐकत राहिले. इतका सुखाचा प्रवास आपण पुन्हा कधी केला नाही, असं ते म्हणायचे.

मधल्या पहाडीच्या माथ्यावर इंजिन तापलं. मोहाच्या झाडाखाली ते थांबले. पाणी प्यायले. सुखवंता दरी पाहायला कडेला गेली. थोड्या वेळानं नत्थूलालनी किक मारली. तिसऱ्या किकेला फटफटी सुरू झाली.

मागची सीट दबली. उजव्या खांद्यावर हात आला.

"चला."

ते निघाले.

उतार तीव्र होता. वळणामागून वळण. नत्थूलालचे डोळे रस्त्यावर. बराच वेळ मागून काहीच ऐकू आलं नाही.

"काऊन वो, आता काई दिसून नाही राहिलं का?"



आणखी एक वळण गेलं... आणि मग अगदी कानाजवळ...

"घरी कोण कोण आहे?"

नत्थूलाल हसले. त्यांना वाटलं, थट्टा करून राहिली.

"माय आहे. मी आहे. तू आहे."

"मी अजून कोठं आहे?"

ते पुन्हा हसले. पण या वेळी थोडं कमी.

"दार कोण उघडते?"

"माय उघडते."

"मी आवाज दिला त उघडेल?"

"तुह्या आवाजाले काऊन नाही उघडणार?"

 खांद्यावरची बोटं थोडी घट्ट झाली.

आणि तेव्हा एक गोष्ट नत्थूलालच्या ध्यानात आली.

फटफटीवर बोलायचं तर ओरडावं लागतं. सकाळपासून दोघंही ओरडूनच बोलत होते. हा आवाज मात्र हळू होता... तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

पुढच्या वळणावर ऊन डाव्या हाताला आलं. उजवीकडच्या कापलेल्या डोंगरावर सावली पडली.

फटफटीची सावली. तिच्यावर त्यांची सावली.

त्यांच्या मागे... काहीच नाही.

खांद्यावर हात होता. त्याचा भार कळत होता.

नत्थूलालनी करकचून ब्रेक दाबला. फटफटी घसरत दरीच्या कडेला थांबली. त्यांनी मान वळवली.

सीट रिकामी होती.

आणि मग खांद्यावरचा भार... सावकाश उचलला गेला.

फटफटी वळवून त्यांनी ती वर कशी नेली, ते त्यांना कधी आठवलं नाही. माथ्यावर मोहाच्या झाडाखाली सुखवंता गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तोंड रडून सुजलेलं.

"काऊन सोडून गेले मले?"

"तू बसली होती नं मागं!"

"मी कडेले उभी होती. तुमी निघाले. मी किती आवाज देल्ले! मंग खालच्या वळणावर तुमी दिसले..." ती थांबली.

"अन्?"

"तुमच्या मांगं बाई बसली होती. असंच लुगडं. तिनं मान वर केली अन् मले पाह्यलं." सुखवंताचा आवाज अगदी बारीक झाला. "एक घडी मलेच समजेना जी... मी इथं हाओ, का तिथं."

नत्थूलालना एकदम घराचं दार आठवलं.

माय एकटी होती.

माहेर राहिलं बाजूला. ते आल्या वाटेनं परत फिरले. प्रत्येक वळणावर नत्थूलाल ओरडून विचारत, "आहेस नं?" आणि मागून ओरडून उत्तर येई, "हाव!"

घरी पोचले तेव्हा दिवस बुडत होता. फुलवंताबाई ओसरीतच उभी होती. फटफटी पाहून ती पुढे आली. मागून सुखवंता उतरली...

तशी फुलवंताबाई दोन पावलं मागे सरकली.

"हे कोण होय?"

"माय, असं काऊन बोलतेस? सुखवंता होय."

"सुखवंता त घरात आहे."

सुखवंतानं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"ऊन होतं तवाच आली," फुलवंताबाई म्हणाली. "दारातून आवाज देल्ला. म्या उघडलं. माह्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली पोरगी. म्हणे, माय, हे मले पहाडीवर सोडून गेले. आता ते दुसरीले घेऊन येतील... तिले घरात घेऊ नको."

नत्थूलाल आत धावले. माजघरात चटई अंथरलेली होती. उशाशी पाण्याचा लोटा, अर्धा प्यायलेला.

चटईवर कुणी नव्हतं.

मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती. पुढच्या दारासमोर तर फुलवंताबाई स्वतः उभी होती.

होळीच्या दिवशी सुखवंताची आई गाडी करून आली. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ पाहिला. मग म्हणाली, "माहीच पोरगी होय." सगळ्यांनी श्वास सोडला. फुलवंताबाईनं सोडला नाही. ती वारली तोवर सुनेशी कधी वाकडं बोलली नाही, पण घरात तिच्यासोबत एकटी कधी बसलीही नाही.

त्या रस्त्यानं फटफटी पुन्हा गेली नाही.

पंचेचाळीस वर्षं दोघांनी संसार केला. पाच लेकरं झाली. आजीसारखं प्रेमळ माणूस मी पाहिलेलं नाही.

आजोबांनी तिला एकदाच विचारलं. दोघंही म्हातारे झाले होते. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"त्या दिवशी पहाडीवरून माह्यासंगं आली... ते तूच होय नं?"

आजीचे हात थांबले नाहीत.

"इतकी वर्सं झाली. मी कधी तुमाले विचारलं का?"

"काय?"

"परत वर मले घ्यायले आला... तो कोण होय ते."

हे मला आजोबांनी स्वतः सांगितलं. सांगून झाल्यावर ते माझ्याकडे पाहत राहिले. आत आजी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. घरात आम्ही तिघंच होतो.

मी उठून पाहायला गेलो नाही.