देसांकाच्या गाडीचा सेन्सर

देसांकाचं प्रेत आतल्या खोलीत होतं, आणि व्हिएन्नाहून आलेला तिचा जावई नेबोयशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या गाडीचा एक काजळलेला सेन्सर आपटून सांगत होता, की म्हातारीला याने मारलं. याने आणि त्या तिहोमीरने.

इन्स्पेक्टर स्लाविका नुकतीच गोलिया डोंगर चढून आली होती. बूट झटकत तिने सगळं ऐकून घेतलं. पहाटे देसांकाच्या छातीत कळा आल्या. तिची मुलगी ल्युबिंका खाली इस्पितळात नर्स, रात्रपाळीवर होती. रुग्णवाहिका बर्फातून वर येईना, म्हणून तिने नवऱ्याला फोन केला, की आईला तिच्याच गाडीतून आण, मी दारात उभी राहते. ती दारात उभीच राहिली. गाडी सुरूच झाली नाही, असं नेबोयशाचं म्हणणं.

तिहोमीर गावचा मेकॅनिक. शेजारणींनी सगळ्यांना कॉफी दिली होती, त्याला सोडून. सेन्सर गेलाय, पण पेट्रोल जरा जास्त खाईल एवढंच, चालव बिनधास्त, असं त्याने देसांकाला सांगितलं होतं, हे तो नाकारत नव्हता. या शब्दांपायी तो आज तुरुंगात जाणार, अशी गावाची खात्री झाली होती.

"सेन्सर तुम्ही काढलात?" स्लाविकाने विचारलं.

"मीच. इंजिन सुरू होईना, मग दोष शोधायला नको? व्हिएन्नात गाडीत समोर तो पिवळा दिवा लागला की गाडी हलवत नाहीत, बाई. इथं सगळा आनंद आहे."

"थंड गाडीचा काढलात?"

"बर्फासारख्या थंड. इंजिनाने हूं की चूं केलं नाही."

"आणि हात कसा भाजला?"

"चूल पेटवताना."

स्लाविकाने सेन्सर खिडकीशी धरला. गाडी कारखान्यातून आली तेव्हापासूनचा, गंजलेला. पण आटे मात्र शाबूत. ती सगळ्यांना घेऊन अंगणात गाडीपाशी गेली.

"धुराच्या याच पाइपवर मागे दुसरा सेन्सर आहे. त्याच वयाचा. तोही काढून दाखवा."

नेबोयशाने पाना लावला. जोर केला, लाथ घातली, शिव्या घातल्या. सेन्सर तसूभर हलला नाही. त्याचे कोपरे तेवढे झिजले.

मग स्लाविकाने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं, उघड्या भोकातून बोंबलत.

"आता लागलं," नेबोयशा म्हणाला. "पहाटे लागत नव्हतं."

स्लाविकाने इंजिन बंद केलं. हा माणूस तिला किळसवाणा वाटला आणि तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं.

"माझ्या गाडीत तो पिवळा दिवा दोन हिवाळे पेटलाय. मी त्यावर चिकटपट्टी लावलीय. धुरात प्राणवायू किती उरला ते हा सेन्सर सांगतो आणि त्यावरून इंजिन पेट्रोल बेताने घेतं. तोही गरम झाल्यावरच सांगतो. थंड इंजिन त्याला विचारतच नाही. त्यामुळे सेन्सर मेला म्हणून गाडी अडत नाही. हे इथं शेंबडं पोरही जाणतं, तुम्ही मात्र परदेशातून आलात."

"मला माहीत नव्हतं. तो गुन्हा नाही."

"नाही. पण इतका गंजलेला सेन्सर थंड पाइपमधून निघत नाही, हे आत्ता सगळ्यांनी बघितलं. पाइप चांगला तापला, तरच आटे सुटतात. तुमचा अख्खा निघाला. म्हणजे पहाटे इंजिन लागलं होतं, आणि तुम्ही ते चालू ठेवलंत. सेन्सर सुटावा आणि दाखवायला पुरावा हातात यावा म्हणून. हात चुलीवर नाही भाजला."

आई जिवंत आहे तोवर मी व्हिएन्नाला येणार नाही, हे ल्युबिंका नेबोयशाला गेलं वर्षभर बजावत होती. हवालदाराने त्याचा दंड धरला.

ल्युबिंका नर्सच्या कपड्यांतच होती. ती पुढे झाली.

"पाइप तापायला किती वेळ लागतो?"

हे उत्तर आपल्याला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, असं स्लाविकाला वाटलं. "इथून इस्पितळ जवळजवळ गाठलं असतं, एवढा."

ल्युबिंकाने नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे गाडीचा आवाज आईला ऐकू येत होता."

"हो," नेबोयशा म्हणाला. "विचारत होती, चप्पल घालू का."