डावीकडची सीट

तो पंखा जरा कमी करा आणि कोपऱ्यातला दिवा राहू द्या. मोबाइल पालथे ठेवा. ज्याला पाणी प्यायचं असेल त्याने आत्ताच पिऊन घ्यावं, नंतर एकट्याने स्वयंपाकघरात कुणी जाणार नाही. हसा, हसा. ज्याच्यावर हे बेतलं तो माणूस अजून आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्यासमोर या गोष्टीवर कुणी हसलेलं मला तरी आठवत नाही.

त्याला सगळे भिंगवाला म्हणतात. जुनी गाडी घ्यायची असली की लोक त्याला तपासायला नेतात. एका खिशात भिंग, दुसऱ्यात लोहचुंबक, हातात टॉर्च. दारावर चुंबक फिरवून तो सांगणार, इथे चुंबक धरत नाही, म्हणजे पोचा पडला होता, वर लांबीची पुट्टी भरून रंग मारलाय. विकणाऱ्याचा चेहरा पडायचा. स्वभावच शंकेखोर. बायकोने चहात साखर घातलीय म्हणून सांगितलं तरी चमच्याने ढवळून बघायचा.

जपानी गाड्या मात्र त्याचा हळवा कोपरा, त्यातही एका कंपनीच्या. रस्त्याच्या कडेला उभे राहिलात तर दहा मिनिटांत चार दिसतील. ही कंपनी मुळात कापड विणायचे माग बनवायची. धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा. मग ट्रक आले, मग छोट्या गाड्या. त्यांच्या कारखान्यात कामाच्या जागी वर एक दोरी लोंबते म्हणे. साध्यातल्या साध्या कामगाराला काही खटकलं की त्याने ती ओढायची आणि सगळं काम जागच्या जागी थांबवायचं. साहेबाने रागवायचं नाही, उलट आभार मानायचे. हे सांगताना भिंगवाल्याची कळी खुलायची. शंकेखोर माणसाचा मान ठेवणारी जगात एक तरी जागा आहे, याचं त्याला कोण कौतुक.

त्या गाड्यांचे मालकही भक्तच. एक डॉक्टरीणबाई तीन लाख किलोमीटर फिरल्या, नुसतं तेल बदलत. एका टॅक्सीवाल्याने तीन घरं बदलली, गाडी बदलली नाही. एका मास्तरांची गाडी दोन वर्षं झाडाखाली धूळ खात उभी होती, किल्ली फिरवली आणि काही झालंच नाही अशी सुरू झाली. ‘जपानी आहे, त्यात काय बघायचं’ हे वाक्य या सगळ्यांच्या तोंडी.

सहा वर्षांपूर्वी ते भिंगवाल्याच्याही तोंडी होतं. त्याच्या थोरल्या भावाने, दादाने, तसलीच एक जुनी गाडी पसंत केली आणि याला दाखवायला आणली. याने बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकला, दहा मिनिटांत हो म्हणाला. ती दोन गाड्यांची एक केलेली होती. एकीचं पुढचं धड, दुसरीचं मागचं, मध्ये वेल्डिंगचा डाग देऊन जोडलेलं. असले उद्योग करणारे लोक असतात. पाचव्या महिन्यात समोर गुरं आली म्हणून गाडी चालवणाऱ्याने ब्रेक दाबला, गाडी कठड्याला जराशी घासली आणि मधोमध उकलली. गाडी दादाचा मित्र चालवत होता, त्याला फक्त खरचटलं. दादा डावीकडे बसला होता.

दादा गेल्यावर घरात कुणी याला दोष देणारा चकार शब्द काढला नाही. वहिनी पूर्वीसारखीच त्याला जेवायला वाढायची. ते त्याला जास्त लागायचं.

आणि आता दादाची मुलगी, त्याची पुतणी, स्वतःची गाडी घेत होती. ती नर्स. नोकरी दुसऱ्या गावात, रात्रपाळी, येण्याजाण्याचे तीस किलोमीटर सुनसान. पांढरी जपानी गाडी, अकरा वर्षांची, तिला फार आवडली होती. तिने काकाला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “काका, तुम्ही हो म्हणालात तरच घेते.”

फोन ठेवल्यावर त्याने खिशातलं भिंग काढून पुसायला घेतलं. इतकं होऊनही ती आपल्यालाच विचारते, याने त्याला भरून आलं आणि भीतीही वाटली. या वेळी चुकायचं नव्हतं. आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडी एका दलालाकडे होती. माणूस तोंडाने इतका गोड की ऐकताना दात किडावेत. भिंगवाल्याने सकाळपासून दुपारपर्यंत गाडी डोळ्यांत तेल घालून बघितली. चुंबक सगळीकडे टपकन चिकटलं. इंजिन स्वच्छ. सर्व्हिसच्या पुस्तकात एकूण एक शिक्का. किलोमीटर वयाला साजेसे. बोट ठेवायला जागा नाही, आणि नेमकं तेच त्याला खटकत होतं. अकरा वर्षांच्या गाडीला एक तरी ओरखडा हवा की नको? आतलं कार्पेट कोरं करकरीत. खालच्या बाजूला काळा जाड थर, तोही ताजा. विचारलं तर दलाल म्हणाला, गंज लागू नये म्हणून. कार्पेट उचलू का म्हटलं तर म्हणाला, नवं चिकटवलंय साहेब, फाटेल. आणि वर हसून, “जपानी आहे, त्यात काय बघायचं?”

भिंगवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण नुसत्या शंकेवर पोरीचं मन कसं मोडणार? सकाळी व्यवहार व्हायचा होता. त्याने रात्रीपुरती गाडी मागून घेतली. रात्री रस्ता रिकामा असतो, गाडीचा बारीकसा आवाजही लपत नाही. गाव सोडून बाहेरच्या रस्त्याला लागायचं, काटा शंभरवर न्यायचा आणि दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखा ब्रेक दाबायचा. ही त्याची शेवटची परीक्षा. दलालाने इतक्या सहज किल्ली दिली की त्याचाही याला संशय आला.

नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी तो घरातून निघाला. एकटा. काचा खाली केलेल्या, रेडिओ बंद, कान इंजिनाकडे. गाडी लोण्यासारखी चालत होती. पावणेबाराला तो बाहेरच्या रस्त्याला लागला. पुढे मागे एकही दिवा नव्हता. त्याने वेग वाढवला. चाळीस, पन्नास, साठ.

टिंग.

मीटरच्या डाव्या टोकाला लाल दिवा लागला होता. पट्टा बांधलेल्या माणसाचं चिन्ह. टिंग, टिंग. डावीकडच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

डावीकडे कुणी नव्हतं. भिंगवाला मनात म्हणाला, सापडलास लेका. सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो, त्यात पाणी गेलं की तो असा बडबडतो. म्हणजे ही पुरात बुडालेली गाडी. दलालाची चोरी पकडल्याचा त्याला चक्क आनंद झाला. त्याने गाडी हळू केली, हात लांबवून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खाचेत बसवला. खट्. आवाज थांबला.

पुन्हा वेग. साठ. सत्तर.

टिंग… टिंग…

त्याने वळून पाहिलं. पट्टा सुटून लोंबत होता.

खाच झिजली असेल. त्याने गाडी कडेला घेतली, दिवा लावला, खाच भिंगातून बघितली. नवीकोरी. पट्टा लावला आणि दोन्ही हातांनी हिसडा देऊन पाहिला. हलला नाही. मग निघाला. पन्नास. साठ. सत्तर. ऐंशी. सगळं शांत. आता शंभर, आणि मग ब्रेक.

खट्.

अंधारात तो आवाज त्याने नीट ऐकला. पट्टा कुणी काढला की जसा येतो, तसाच. मग पट्टा सरसरत मागे गेला.

टिंग टिंग टिंग टिंग.

त्याने मान वळवली नाही. आपण का वळवत नाही, हे त्याला कळेना. डाव्या हातावर काटा उभा राहिला. काचा उघड्या होत्या, वारा आत येत होता, पण डावीकडून येत नव्हता… तिथे काहीतरी आड होतं.

पाय हलका केला. आवाज मंदावला. पुन्हा दाबला. आवाज वाढला. पुन्हा हलका. पुन्हा मंद. कुणीतरी त्याला अडवत होतं. शंभरला जाऊ देत नव्हतं.

कोण?

त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. किल्ली काढली.

टिंग… टिंग…

किल्ली त्याच्या मुठीत होती.

टिंग…

डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती बोलून दाखवायची त्याची छाती होत नव्हती. सहा वर्षं ती त्याने कुणापाशी बोलली नव्हती. शेवटी समोरच्या काचेकडे बघतच तो म्हणाला, “दादा… माझं चुकलं रे.”

आवाज थांबला.

काही नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग शेजारची सीट करकरली. वजन उठल्यावर करकरते तशी. बस, एवढंच.

दुसरा कुणी असता तर गाडी टाकून पळत सुटला असता. हा उतरला तो टॉर्च घेऊन. शंकेखोर माणूस, त्याला सेन्सरची तार बघायची होती. तार सापडली तर रात्री झोप लागणार होती. डावीकडचं दार उघडून तो गुडघ्यांवर बसला. सीट मागे सरकवली, खाली हात घातला. तार काही हाताला लागेना. उलट दारापाशी कार्पेटची कड निघालेली लागली. दुपारी ती पक्की चिकटलेली होती. त्याने ओढली. कार्पेट सालीसारखं निघून आलं.

खाली पत्र्यावर वेल्डिंगच्या डागाची जाड, ओबडधोबड रेघ होती. या दारापासून त्या दारापर्यंत. दोन गाड्यांची एक केलेली. आणि सीटच्या बरोबर खाली त्या रेघेला चीर गेली होती. त्याचं बोट आत गेलं. पलीकडे खालच्या रस्त्याचा गारवा लागला.

शंभरवर ब्रेक दाबला असता तर…

तो तिथेच रस्त्यावर बसला आणि रडला. हे त्याने स्वतः सांगितलं, म्हणून मी सांगतोय.

रात्री एक वाजता त्याने गॅरेजवाल्या मित्राला फोन केला. मित्र मोठी गाडी घेऊन आला, ही वर चढवली आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. त्याच्याकडचा नियम असा की रात्री मुक्कामाला आलेल्या गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवायची. तशी ती काढली. दलालाला फोन लावला तर बंद. तो आजवर बंदच आहे.

सकाळी साडेआठला पुतणी रात्रपाळी संपवून थेट गॅरेजमध्ये आली. काकाने तिला कार्पेटखालची चीर दाखवली. ती वाकून बघत राहिली. मग विचारलं, हे कळलं कसं? त्याने आधी टाळलं, नंतर सगळं सांगितलं. दिवा कुठे लागला, आवाज कधी वाढला, पट्टा कसा सुटला. काय बोलला तेही सांगितलं. तेवढं सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नाही. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, “काका, मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. आईनेही नाही. तुम्ही विचारलंच नाहीत.”

गॅरेजवाला तोवर डावीकडची सीट सोडवत होता. चार बोल्ट काढून त्याने ती फरशीवर उलटी ठेवली. खाली फोम आणि लोखंडी पट्ट्या. तार नाही, सेन्सर नाही, जोडायची जागासुद्धा नाही. तो म्हणाला, या सालच्या गाडीला डावीकडच्या पट्ट्याची सूचना कंपनीने दिलीच नव्हती, ती तीन वर्षांनंतरच्या गाड्यांना आली. भिंगवाल्याला हे पाठ होतं. त्या कंपनीची कुठली गोष्ट त्याला पाठ नव्हती? पण रात्री एकदाही आठवलं नाही.

तरी तो हट्टाला पेटला. दिवा मी या डोळ्यांनी पाहिला, म्हणाला. मित्राने मीटरवर टॉर्च मारला. डाव्या टोकाला चिन्ह नव्हतं, काच नव्हती. सपाट काळं प्लास्टिक होतं.

पुतणी पुढे झाली. तिने त्या जागेवर बोट टेकलं आणि तशीच उभी राहिली. मग शेजारी टेकलं, वर टेकलं, खाली टेकलं, आणि परत तिथेच आणलं.

“काका, इथे हात लावून बघा.”

त्याने लावला. नोव्हेंबरची सकाळ, गाडी रात्रभर उघड्या शेडमध्ये उभी, बॅटरीची तार काढलेली. सगळा डॅशबोर्ड बर्फासारखा गार होता. रुपयाएवढी तेवढी एक जागा कोमट होती.