चौदाव्या किलोमीटरची मोरी

“बुधरे, लवकर चाल! नाला उलटा वाहून राह्यला!”

अकरा वर्षांचा लच्छू धापा टाकत अंगणात आला. पोळ्याची सकाळ होती. त्याची मोठी बहीण बुधरी बैलांची शिंगं रंगवायला वाटीत गेरू कालवत बसली होती.

“उलटा? रात्री ताप आला होता काय गा तुले?”

“आईशप्पथ! तू पाह्य तरी!”

बुधरीशेजारी बसलेली दिव्यानी खळखळून हसली. “लच्छूभाऊ, तुमच्या इथले नाले डोंगरावर चढतात काय?”

दिव्यानी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतली, बुधरीएवढीच, तेरा वर्षांची. या टोल्यातल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, आशा आरोग्यसेविका इंदुताई ही तिची मावशी. पोळ्याची जोडून तीन दिवस सुट्टी आली, म्हणून ती मावशीकडे आली होती. बुधरी आणि लच्छूही आश्रमशाळेतून कालच घरी परतले होते.

तिघं नाल्यावर गेले आणि दिव्यानीचं हसू थांबलं. लच्छूनं सागाचं एक पान पाण्यात टाकलं. ते खाली रस्त्याकडे जायला हवं होतं. ते जागच्या जागी गोल फिरलं आणि हळूहळू वर, घरांच्या दिशेनं सरकू लागलं!

दोन दिवस कोसळलेला पाऊस पहाटेच थांबला होता. आभाळही उजळलं होतं. तरीही पाणी चढतच होतं. काल ज्या दगडावर बायांनी भांडी घासली, तो दगड आता दिसतच नव्हता.

“पाऊस नाई, मग पाणी कुठून येऊन राह्यलं?” बुधरी पुटपुटली.

टोल्यात एकच धावपळ सुरू झाली. नाल्याकाठच्या घरांतलं धान वरच्या घरांकडे नेलं जाऊ लागलं. म्हाताऱ्या माणसांनीही असं पाणी कधी पाहिलं नव्हतं.

इतक्यात इंदुताई बुधरीच्या घरातून बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“कोलूभाऊ, करिश्माच्या कळा सुरू झाल्या,” त्या बुधरीच्या बाबांना म्हणाल्या. “मूल आडवं आहे. इथी बाळंतपण जमायचं नाई. तिले दवाखान्यात न्याच लागते. आजच, आत्ताच!”

करिश्मा म्हणजे बुधरीची वहिनी. दादा पोलीस भरतीच्या सरावासाठी गडचिरोलीला होता. गाडी यायची ती डांबरी रस्त्यापर्यंत, आणि टोल्यातून रस्त्याकडे जाणारी वाट नाल्याच्या काठाकाठानं होती. ती वाट आता छातीइतक्या पाण्याखाली होती. दुसरी वाट टेकडीवरून होती; पण ती इतकी उभी आणि निसरडी, की खाट खांद्यावर घेऊन कोणी उतरूच शकलं नसतं.

इंदुताईंनी आपला फोन दिव्यानीच्या हातात दिला. “रस्त्यावर गेल्याशिवाय रेंज येत नाई. टेकडीवरून जा, रुग्णवाहिका बोलवा. आपत्ती कक्षाचा नंबरही यात आहे. पाणी कशानं अडलं तेही पाहून सांगा त्याहीले.”

“अन् पाण्याजवळ जायचं नाई!” कोलूबाबांनी बजावलं. “समजलं काय, लच्छू?”

“मलेच काऊन सांगता?”

“कारण तूच जाते!”

टेकडीवरचं जंगल पावसानं काळंभोर झालं होतं. पायाखालचा मुरूम घसरत होता. बुधरी पुढे, मध्ये दिव्यानी, मागे लच्छू. खालून नाल्याचा आवाज यायला हवा होता. पावसाळ्यात तो दिवसरात्र गर्जत असे. आज मात्र खाली काहीच ऐकू येत नव्हतं.

“बुधरी, इतकं शांत काऊन आहे ग?” दिव्यानीनं तिचा हात घट्ट धरला.

“माहीत नाई. चाल तू.”

झाडी संपली आणि तिघं थबकले. समोर रस्त्याचा उंच भराव होता. भरावाच्या अलीकडे, जिथे काल नाला होता, तिथे तपकिरी पाण्याचं तळं पसरलं होतं. झाडं कमरेपर्यंत बुडाली होती. आणि भरावाजवळ, पाण्यावर, काळ्या गोल पाठी वरखाली होत होत्या. एक... चार... दहा... कितीतरी!

“मगरी!” दिव्यानी किंचाळली.

“गोल मगर असते काय?” लच्छू म्हणाला, पण तोही दोन पावलं मागे सरला.

एक काळी पाठ हळूच उलटली. तिच्या मधोमध भोक होतं.

“टायर!” बुधरी ओरडली. “गाड्यांचे जुने टायर आहेत!”

तिघं धावत भरावावर चढले आणि वरून वाकून बघू लागले. रस्त्याखालून नाला पलीकडे जावा म्हणून तिथे तीन नळ्यांची मोरी होती. त्या तिन्ही नळ्यांच्या तोंडात टायर गच्च बसले होते. त्यांच्यामध्ये फांद्या, गवत आणि गाळ अडकला होता. पलीकडच्या बाजूला जेमतेम करंगळीएवढी धार गळत होती. रस्त्याचा भराव म्हणजे धरण झालं होतं, आणि त्या धरणाच्या पोटात त्यांचा टोला बुडत होता!

“तो वरचा एक काढला, तर बाकीचे आपोआप निघतील,” असं म्हणत लच्छू एका लांब बांबूसह उतारावरून खाली सरकलादेखील.

“लच्छू! माघारी ये! बाबांनी काय सांगतलं?”

मोरीच्या तोंडाशी पाणी वरून अगदी शांत दिसत होतं. पण असं पाणी आतून ओढत असतं, आणि ती ओढ पाय बुडेपर्यंत कळत नाही. लच्छूचा पाय घसरला. तो कमरेपर्यंत पाण्यात गेला आणि पुढच्याच क्षणी कोणीतरी घोटा धरून खेचावं तसा नळीकडे सरकू लागला!

“बुधरेऽऽ! पाय अडकला!”

बुधरीनं पालथं पडून त्याच्या हातातल्या बांबूचं दुसरं टोक धरलं. दिव्यानीनं बुधरीचे पाय धरले. पण चिखलात दोघीही घसरू लागल्या. पाणी लच्छूच्या छातीशी आलं, मग खांद्याशी. त्याचे डोळे पांढरे झाले होते. तो ओरडायचंही विसरला होता.

एवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. कोणीतरी धाडकन गाडी टाकली. एक जाडजूड माणूस उतारावरून घसरत खाली आला. त्यानं लच्छूची कॉलर पकडली आणि एका हिसक्यात त्याला वर ओढलं. लच्छूची एक चप्पल पाण्यातच राहिली.

“मराचं आहे काय रे पोट्ट्या?” तो माणूस ओरडला.

ते होते गुणवंतराव, रस्त्याच्या कामावरचे मुकादम. दोन किलोमीटरवर त्यांच्या कचेरीचं आवार होतं. लच्छूला जवळ घेऊन बुधरी क्षणभर रडली. मग तिनं डोळे पुसले.

“मुकादमभाऊ, मोरी बुजली. माझी वहिनी टोल्यात अडकली. हे टायर काढा!”

गुणवंतरावांनी पाण्याकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. “कोण्या ट्रकवाल्यानं फेकले असतील. आन् नाला जंगल खात्याचा आहे. आमचा फक्त रस्ता.”

“मग मोरी कोणाची?” दिव्यानीनं विचारलं.

“मोरी... मोरी रस्त्याच्या खाली आहे ना!”

“म्हणजे कोणाचीच नाई?”

“आज पोळा आहे, कचेरी बंद आहे! सोमवारी अर्ज करा.”

“सोमवारपर्यंत वहिनी थांबल काय?” बुधरी ओरडली.

दिव्यानीनं वाद घातला नाही. तिनं आधी रुग्णवाहिकेला फोन लावला, मग आपत्ती कक्षाला. पलीकडून एका बाईंचा शांत आवाज आला.

“कोणता नाला, बाळा? जवळची खूण सांग.”

“इथे एक मोठं सागाचं झाड आहे!”

“या जिल्ह्यात सागाची झाडं कमी आहेत काय? असं कर, मोरीच्या कठड्याच्या टोकाशी बघ. तिथे आकडा लिहिलेला असतो.”

बुधरी धावली. कठड्यावर शेवाळ चढलं होतं. तिनं हातातल्या कड्यानं ते खरवडलं. खालून पांढरे आकडे वर आले. “वर चौदा, मध्ये आडवी रेघ, खाली दोन!”

“शाबास! म्हणजे चौदाव्या किलोमीटरमधली दुसरी मोरी. सापडली मले नकाशावर. आता सांगा, काय अडकलंय?”

दिव्यानी सांगत असताना लच्छू मात्र कुडकुडत त्या आकड्यांकडेच बघत होता. त्यातल्या दोनाची शेपटी खाली जाऊन डौलात दोनदा वळली होती. त्यानं मान वळवली. भरावाला लागून तरंगणाऱ्या एका टायरवर पांढऱ्या रंगात सत्तावीस लिहिलं होतं. त्याही दोनाची शेपटी दोनदा वळली होती!

“मुकादमभाऊ,” तो अगदी भोळेपणानं म्हणाला, “हा आकडा कोणी काढला? गजब सुंदर हात आहे! आमच्या गुरुजींलेही असा जमत नाई.”

गुणवंतरावांची मान ताठ झाली. “तो? मीच काढला. या रस्त्यावरचे सारे आकडे माझ्या हातचे. असा दोन आख्ख्या तालुक्यात कोणाले जमत नाई!”

“मग त्या टायरवरचाही तुमचाच!”

गुणवंतरावांनी टायरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पलीकडच्या बाईंनी फोनवर सगळं ऐकलं होतं.

“त्यांना फोन दे, बाळा,” त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज शांत नव्हता.

गुणवंतरावांनी फोन कानाला लावला. “म्याडम, मागच्या महिन्यात कचेरीची तपासणी होती. आवारात जुन्या टायरचा ढीग होता. साहेब म्हणाले, उद्यापर्यंत आवार साफ दिसलं पाहिजे. जुने टायर घेणाऱ्या कारखान्याची गाडी बोलवायले वेळ नव्हता. मी मोरीखाली लपवले. वाटलं, तपासणी झाली की उचलू. मग राह्यलं...” त्यांनी कपाळाचा घाम पुसला. “हव म्याडम. आवारात जेसीबी आहे. आत्ता बोलावतो!”

वीस मिनिटांत पिवळा जेसीबी खडखडत आला. दूर सायरन ऐकू येत होता. चालकानं लोखंडी हात मधल्या नळीकडे नेला. लच्छू आणि दिव्यानी आनंदानं ओरडू लागले.

आणि अचानक बुधरी धावत जाऊन जेसीबीच्या समोर उभी राहिली!

“थांबा! काढू नका!”

“आता काय झालं व?” चालक चिडला.

“आज पोळा आहे! खालच्या डोहात मोठ्या गावचे सारे बैल धुवायले आणले असतील. माणसं असतील. इतकं पाणी एकदम गेलं तर?”

चालकानं लोखंडी हात मागे घेतला. टायर काढायच्या घाईत हा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. गुणवंतरावांनी मोटरसायकल उचलली. “बस मागं,” ते म्हणाले.

डोह दीड किलोमीटर खाली होता. तिथे पोचताच बुधरीनं मोटरसायकलवरून उडी मारली. वर पाणी अडल्यानं डोह गुडघ्याएवढाच उरला होता. त्यामुळे एरवी काठावर थांबणारी लहान लहान पोरंही आज पात्राच्या मधोमध बैलांच्या पाठी चोळत होती. पन्नास-साठ बैल, तेवढीच माणसं!

“बाहेर या! पूर येऊन राह्यला!”

मोठ्या गावचे लहानू पाटील आपल्या बैलाच्या शिंगाला हात लावून हसले. “पोरी, ऊन पडलं. पूर काय आभाळातून टपकते?”

“आभाळातून नाई, बाबा! वर मोरीत अडला आहे. डोहाकडे पाहा, दोन दिवस पाऊस झाला तरी पाणी कमी कसं?”

लहानूंचं हसू विरलं. त्यांनी एकदा रिकाम्या पात्राकडे पाहिलं, एकदा बुधरीच्या चिखलानं माखलेल्या चेहऱ्याकडे. मग ते असे गरजले, की बैलही बिचकले. “निघा रे! सारे काठावर! पोट्टे आधी!”

शेवटचा गोऱ्हा काठावर चढेपर्यंत बुधरी हलली नाही. डोह रिकामा झाल्याचा निरोप घेऊन गुणवंतराव माघारी मोरीकडे सुसाट गेले. ती सगळ्यांसोबत उंच दरडीवर उभी राहिली. किती वेळ काहीच झालं नाही. एक पोरगा कुजबुजला, “खोटं सांगते काय ही?”

मग जमीन थरथरली. वळणावरून माणसाच्या उंचीचं तपकिरी पाणी ओंडके आपटत आलं आणि डोह गिळून पुढे गेलं. मघाशी पोरं जिथं उभी होती, तिथं आता नुसता फेस उसळत होता. लहानूंनी बुधरीच्या डोक्यावर हात ठेवला.

टोल्याची वाट तासाभरात मोकळी झाली. चौघांनी खाट उचलली, इंदुताई सोबत निघाल्या आणि करिश्मावहिनीला घेऊन रुग्णवाहिका धावली.

दुपारी गुणवंतरावांचे साहेब आले. टोल्यातले सगळे मोरीवर जमले होते. बाहेर काढलेल्या टायरांचा डोंगर बघून साहेबांनी खाली मान घातली.

“मी फक्त साफ आवार पाहिलं,” ते म्हणाले. “टायर गेले कुठे, हे विचारलं नाही. मुकादमापेक्षा माझी चूक मोठी आहे. गाडी सरकारची, म्हणजे तिचा झिजलेला टायरही सरकारचाच. तो कारखान्यात पोचून त्याची पोच मिळेपर्यंत जबाबदारी आमची. आणि ही मोरीसुद्धा आमचीच.”

“हे ग्रामसभेच्या वहीत लिहून द्या, साहेब,” कोलूबाबा शांतपणे म्हणाले.

साहेबांनी लिहून दिलं. मग ते मुलांकडे वळले. “तुम्ही तिघांनी आज आमचं काम केलं. पण लच्छू, पुन्हा मोरीच्या तोंडाशी उतरायचं नाही. वचन?”

“वचन!” लच्छू म्हणाला. “पण साहेब, माझी चप्पल?”

त्या भीतीनं भरलेल्या दिवसात सगळे पहिल्यांदाच हसले.

संध्याकाळी मोठ्या गावात पोळा भरला. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल रांगेत उभे होते. मानाची जोडी लहानू पाटलांची. ती पुढे निघाल्याशिवाय पोळा फुटत नसे. लहानू गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी जोडीचा कासरा बुधरीच्या हातात दिला.

“आजवर हा कासरा आमच्या घराबाहेर गेला नाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पण आज हे बैल अन् आमची लेकरं या पोरीमुळं उभी आहेत. चाल बेटा, पुढं हो!”

तेवढ्यात गर्दीतून दिव्यानी फोन उंच धरून धावत आली. तिच्या मागे, एकाच पायात चप्पल घातलेला लच्छू.

“दवाखान्यातून मावशीचा फोन! पोरगी झाली! दोघीही बऱ्या आहेत!”

बुधरीनं कासरा घट्ट धरला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या, आणि ती त्या उंच पांढऱ्या जोडीला घेऊन तोरणाखालून पुढे निघाली.