उंबरगडाचा बंद दरवाजा

पूर्वेकडे घाटमाथ्याच्या कडा तांबूस होऊ लागल्या, दरीतले धुके ओढ्याच्या काठाकाठाने वर सरकत माचीच्या तटाला येऊन भिडले, आणि उंबरगडाच्या बालेकिल्ल्यावर रात्रभर काठीला लपेटून राहिलेले निशाण हळूच फडफडले, तेव्हा गडाचे किल्लेदार हैबतराव सणस तटावरही नव्हते आणि सदरेवरही नव्हते. ते देवटाक्याच्या पायरीवर हातात वेताची छडी घेऊन पाण्याला पहारा देत उभे होते.

ज्याने दोन वेढे झुंजून काढले, ज्याच्या मांडीत अजून बंदुकीची गोळी रुतलेली होती, त्या पुरुषाने बायकांच्या घागरींवर नजर ठेवीत उभे राहावे, याचे गडावरच्या लोकांना हसू येई. हैबतरावांना हसू येत नव्हते. चाळीस दिवस ते रोज पहाटे येथे येत होते, आणि रोज कोणी ना कोणी त्यांचे रक्त तापवीत होते. आज ती पाळी कुशाबा गोलंदाजाची होती. त्याने पायरीवर बसून तोंडात पाणी घेतले, खुळखुळवले, आणि निवांतपणे टाक्यातच थुंकले.

"कुशाबा! चूळ कुठं टाकलीस?"

"पाण्यात, सरकार. जाईल की वाहून."

"टाक्यातलं पाणी वाहतं कुठं, मूर्खा?"

"एवढं थोरलं टाकं, सरकार! एका चुळीनं काय बिघडतंय?"

"गडावर साडेतीनशे तोंडं आहेत. प्रत्येकानं असंच म्हटलं म्हणजे?"

कुशाबा ओशाळा हसला. "बाकीचे नाही तसं म्हणायचे," असे म्हणून तो निघून गेला. हैबतरावांची छडी हवेतच राहिली.

पायथ्याच्या गावात मोडशी शिरली होती. चैत्री जत्रेचा बाजार उठला आणि दुसऱ्या दिवशी गावात ढाळ-वांतीने चार माणसे गेली, तिसऱ्या दिवशी अकरा. त्याच दिवशी हैबतरावांनी महादरवाजा बंद करून दवंडी पिटवली होती. गडावर येणाराने, मग तो कोणीही असो, पायथ्याच्या चौकीत सात दिवस राहावे आणि धडधाकट राहिला तरच वर यावे. पिण्याचे पाणी देवटाक्याचे, तेही उकळून. धुणी-आंघोळी खालच्या तळ्यावर. लग्ने, गोंधळ, जेवणावळी बंद. घरात कोणास विकार झाला तर लपवू नये.

हे त्यांनी कोणत्या पोथीत वाचले नव्हते. तरुणपणी एका वेढ्याच्या छावणीत ही मोडशी त्यांनी पाहिली होती. नदीकाठी उतरलेले लष्कर आठ दिवसांत निम्मे झाले. त्यात त्यांचा धाकटा भाऊ रखमाजीही गेला. मात्र टेकडीवर वेगळे उतरलेले एक पथक होते. ते लोक झऱ्याचे पाणी आणीत, उकळलेल्या पेजेवाचून काही पीत नसत आणि खालच्यांत मिसळत नसत. त्यांतला एकही माणूस दगावला नाही. का, ते वैद्यांना सांगता आले नाही, हैबतरावांनाही नाही. पण डोळ्यांनी पाहिलेले ते विसरले नव्हते.

गडावर मात्र अजून एकही माणूस मेला नव्हता, आणि हेच त्यांच्या विरोधात जात होते. "कुठं आहे मोडशी? किल्लेदारांच्या डोक्यात!" असे लोक उघड बोलू लागले. कोणी गळ्यात ताईत बांधून कच्चे पाणी ढोसू लागला, तर कोणी चोरवाटेने खाली उतरून मेव्हण्याला भेटून येऊ लागला. एका घरची म्हातारी दोन दिवस दिसेना, म्हणून हैबतराव स्वतः चौकशीला गेले, तेव्हा सून म्हणाली, "लेकीकडं गेल्यात पाहुण्या." दरवाजा बंद असताना म्हातारी लेकीकडे गेली कशी, हे विचारल्यावर सुनेने पदर तोंडाला लावला. म्हातारी कणगीच्या आडोशाला निजवलेली सापडली. तिचे पोट नुसते आंबलेल्या भाकरीने बिघडले होते. पण तेवढे कळेपर्यंत हैबतरावांचे दोन दिवस अन्नावरचे मन उडाले.

घरीही स्वस्थता नव्हती. पोटात जरा गुरगुरले की ते गप्प होत, आणि त्यांची पत्नी लाडूबाई हातातली भाकरी तशीच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राही.

"लोकांना ओरडून ओरडून तुमचा जीव जाईल आधी," ती एकदा म्हणाली.

"मग काय करू? आरती ओवाळू त्यांची?"

"ते नव्हे. तुम्ही जगवताय त्यांना, अन् त्यांना वाटतं कोंडलंय."

कोंडल्याचा राग सर्वांत अधिक होता तो गडाचे सबनीस त्र्यंबकपंत यांच्या मनात. गडाचे दफ्तर आणि हजेरी सांभाळणारा हा मनुष्य हुशार, बोलका, दरबारात ओळखी असलेला. वैशाखात त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. वऱ्हाड आले ते वाटेवरच्या लागण झालेल्या दोन गावांत मुक्काम करून. हैबतरावांनी त्यांना चौकीत थांबवले. सात दिवसांत मुहूर्त टळला, व्याह्यांचा मानभंग झाला म्हणून वऱ्हाड माघारी फिरले, आणि पंतांची लेक हिरवा चुडा उतरवून मागील दारी बसली. पंतांनी त्याच दिवशी दौत जवळ ओढली आणि दरबाराकडे पत्र लिहिले: किल्लेदार सणस यांनी रोगाचे निमित्त करून गडाचे दरवाजे सरकारासच बंद केले आहेत, शत्रूशी अनुसंधान असल्याचा संशय आहे, सत्वर बंदोबस्त व्हावा. पत्र चोरवाटेने खाली गेले.

ज्येष्ठाच्या आरंभी, एका सकाळी, पायथ्याशी धूळ उडाली. दोनशे स्वारांनिशी सरदार मानसिंगराव पायगुडे येऊन ठेपले, आणि त्यांचा जासूद दरवाज्याखाली उभा राहून ललकारला, "सरकारचा हुकूम! दरवाजा उघडा!"

हैबतराव तटावर आले. त्यांनी आधी हुकूम विचारला नाही, वाट विचारली. "सरदारांचे मुक्काम कोठकोठे झाले?"

जासूदाने गावे सांगितली. त्यांतल्या तीन गावांत प्रेते उचलायला माणसे उरली नव्हती.

"सरदारांना आमचा मुजरा सांगा. हुकूम शिरसावंद्य आहे. गड त्यांचाच. मात्र सात दिवस त्यांनी चौकीत विसावा घ्यावा. आठव्या दिवशी दरवाजा मी माझ्या हाताने उघडेन."

खालून उत्तर आले ते असे, की बंडखोराशी दिवसांची घासाघीस करण्याची सरकारची रीत नाही. सूर्य मावळायच्या आत दरवाजा न उघडल्यास किल्लेदाराच्या मुलखातल्या घरावर जप्ती येईल आणि त्याचे मस्तक हुजूर जाईल.

बातमी क्षणात गडभर झाली. दरवाज्यापाशी माणसांची दाटी उसळली. खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या तोंडावर ओरडत, चाळीस दिवसांत जे करू नका म्हणून सांगितले होते ते सारे करीत लोक उभे राहिले. त्र्यंबकपंत चौथऱ्यावर चढले.

"ऐका! एका माणसाच्या हट्टापायी सारा गड बंडखोर ठरतो आहे. सरकारच्या सरदाराला रोगी म्हणणारे हे कोण? उघडा दरवाजा!"

"उघडा! उघडा!" असा गलका झाला. त्यात कुशाबाचा आवाज सर्वांत मोठा होता.

हैबतरावांना त्या क्षणी वाटले, उघडावा. मरू द्यावे एकेकाला. ज्यांना जगायचे नाही त्यांच्यासाठी मान का द्यावी? ते दरवाज्याकडे वळलेही. तेथे दरवाज्याचा नाईक धाकोजी भाला आडवा धरून एकटाच गर्दीला थोपवीत होता, आणि त्याच्या कपाळावर कोणी मारलेल्या दगडाचे रक्त होते.

"काय हुकूम, राव?" एवढेच त्याने विचारले.

हैबतरावांचा राग उतरला नाही, पण त्याची दिशा बदलली. त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या लाडूबाईंच्या हाती दिल्या.

"मी खाली जातो. सरकारला माझ्यावर संशय आहे, तर मी त्यांच्या हाती असेन. मग गड बंडखोर कसा ठरेल? पण ह्या किल्ल्या आठव्या दिवसापर्यंत कोणास देऊ नका. माझं मस्तक भाल्यावर दिसलं तरी नाही."

लाडूबाईंनी किल्ल्या पदरात बांधल्या आणि त्या म्हणाल्या, "पाणी उकळून प्या म्हणजे झालं."

दरवाज्याच्या पोटातले लहान दार उघडले, हैबतराव एकटे वाकून बाहेर पडले आणि दार बंद झाले. पायऱ्या उतरून ते चौकीशी आले, मानसिंगरावांसमोर उभे राहिले आणि कमरेची तलवार दोन्ही हातांवर धरून पुढे केली.

"ही सरकारची आहे. घ्यावी. बेड्या घालायच्या तर हे पाय. पण दरवाजा आठव्या दिवशीच उघडेल, आणि सात दिवस मलाही वर जाता यायचे नाही."

मानसिंगराव तिशीतला तापट गृहस्थ होता. तो थक्क झाला, मग हसला, मग संतापला. "आठव्या दिवशी दरवाजा उघडो न उघडो, तुमची मान उडेल, एवढे लक्षात असू द्या," असे म्हणून त्याने बेड्या ठोकवल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्र्यंबकपंत दहा-बारा माणसे घेऊन महादरवाज्याशी गेले. "किल्लेदार कैदेत पडले. आता गडावर हुकूम माझा. किल्ल्या आणा." लाडूबाई दरवाज्याला पाठ लावून उंबऱ्यावरच बसल्या होत्या, सकाळपासून उठल्या नव्हत्या.

"पंत, तुमच्या लेकीचा मुहूर्त टळला, त्याचं मलाही वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ती जिवंत आहे. किल्ल्या हव्या असतील तर माझ्या अंगाला हात लावून घ्या."

पंतांच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. धाकोजी बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. हात कोणीच लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या छावणीत एक खिदमतगार ओढ्याकाठी कोसळला. संध्याकाळपर्यंत नऊ जण आडवे झाले. चौथ्या दिवशी स्वतः मानसिंगरावांचे हातपाय गार पडले, डोळे खोल गेले, आणि पळून जायची वाट शोधणाऱ्या छावणीत कोणाला काही सुचेना. तेव्हा बेड्या वाजवीत हैबतराव उठले. ओढ्यावर पाणी भरणाऱ्यांवर ते ओरडले, शिव्या दिल्या, भांडी पालथी केली; वरच्या झऱ्याचे पाणी आणवले, हंडे चुलीवर चढवले, आणि मिठाची पातळ पेज चमच्याचमच्याने सरदाराच्या तोंडात घालीत दोन दिवस त्याच्या उशाशी बसून राहिले. कैद्याचे का ऐकावे, असे म्हणणारेही छावणीत होते. त्यांतले बरेच दगावले. एकूण एकतीस माणसांना ओढ्याच्या काठी माती द्यावी लागली.

मानसिंगराव वाचला. सातव्या दिवशी तो भिंतीला टेकून बसू लागला, तेव्हा त्याने बेड्या काढवल्या आणि पंतांचे पत्र हैबतरावांपुढे टाकले.

"वाचा. ही दोनशे माणसे त्या दिवशी वर गेली असती तर..." त्याने ओढ्याच्या काठाकडे पाहिले. "चला. आज मानाने वर चला."

"आज नाही," हैबतराव म्हणाले. "कालच एक माणूस आजारी पडला आहे. आजपासून पुन्हा सात दिवस."

सरदाराने कपाळाला हात लावला. "तुमचा छळ सोसणे म्हणजे मोडशीहून कठीण!"

तसा निरोप वर गेला; ते सात दिवसही सरून दरवाजा उघडला तेव्हा गडावर एकही मृत्यू झालेला नव्हता. लोकांनी हैबतरावांना खांद्यावर घेतले, गुलाल उधळला, मिठ्या मारल्या. कुशाबाने रडत पाय धरले. त्याच दुपारी गोंधळ ठरला आणि दीडशे पाने उठली. त्र्यंबकपंतांची सबनिशी गेली. पण महिन्याभरात दरबारातून हैबतरावांच्या नावेही पत्र आले. सोबत मानाची वस्त्रे होती, आणि पत्रात लिहिले होते की सणसांची निष्ठा निःसंशय आहे. तथापि सरकारच्या हुकमास सात दिवस अडविणारा किल्लेदार, कारण कितीही योग्य असो, गडावर ठेवणे शिरस्त्यास धरून नाही. कारभार नव्या किल्लेदाराच्या स्वाधीन करावा.

हैबतराव मुलखातल्या घरी परतले. देवटाक्यावरचा पहारा नव्या किल्लेदाराने पहिल्याच आठवड्यात उठवला.

पुढल्या चैत्रात मोडशी फिरून आली, आणि ह्या खेपेस ती गडावर चढली. धाकोजी घोडा दामटीत सणसांच्या अंगणात येऊन उतरला. चार दिवसांत सतरा माणसे गेली होती. कुशाबाचा थोरला मुलगा त्यांत होता. नव्या किल्लेदाराने विनवणीचे पत्र दिले होते.

हैबतरावांनी ते वाचले आणि अंगणभर येरझाऱ्या घालू लागले. "सांगितलं होतं! घसा फुटेस्तोवर सांगितलं होतं! आता कशाला मी? ताईत बांधा म्हणावं! गोंधळ घाला! पाहुण्या लेकीकडे पाठवा!" धाकोजी मान खाली घालून ऐकत उभा होता. बोलता बोलता हैबतरावांनी खुंटीवरचे खोगीर खाली घेतले होते आणि घोड्याच्या पाठीवर टाकून तंग आवळीतही होते. तोंड मात्र थांबले नव्हते.

मागे वळून पाहतात तो लाडूबाई गाठोडे बांधून दारात उभ्या.

"तुम्ही कुठं?"

"तुम्ही पाण्यापाशी उभे राहाल अन् सगळ्यांवर खेकसाल," त्या म्हणाल्या. "दरवाज्यापाशी कोण बसणार?"